नऊ तारखेची फाइल

तिचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर नसायचा. तिसऱ्या मजल्यावरची ती भाड्याची खोली तिघींत होती, बाकीच्या दोघी नर्स, उशिरा झोपणाऱ्या. त्यांची झोप मोडू नये म्हणून ही सवयीनेच उठायची, चपला हातात घेऊन जिना उतरायची आणि दोन गल्ल्या ओलांडून भावाच्या घरी जायची. तिथे स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिची आई होती. आईचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले. ही तिला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायची, अंग पुसायची, वेणी घालायची, चहा पाजायची आणि पुन्हा पलंगावर ठेवायची. भावजय उठायच्या आत हे सगळं उरकावं लागे. भावजय वाईट नव्हती, पण सकाळी सकाळी नणंद घरात दिसली की तिचं भांड्यांवरचं प्रेम कमी व्हायचं, असं ही सांगायची. सहा पन्नासची बस. साडेसातला फाउंड्री.

आईला आपल्याकडे आणावं म्हटलं तर तीन जिने. खुर्ची कोण चढवणार आणि तिला दिवसभर कोण पाहणार? कंपनीची क्वार्टर मिळाली असती तर प्रश्न सुटत होता. कारखान्याच्या मागच्या अंगाला तळमजल्यावर दोन-दोन खोल्या होत्या, जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन येता येईल इतक्या जवळ. पण क्वार्टर फक्त कायम कामगाराला. आणि ती तीन वर्षं झाली तरी कायम नव्हती. दर सहा महिन्यांनी नवा कागद, नवी सही.

मी त्या फाउंड्रीच्या पॅटर्न स्टोअरला एकतीस वर्षं काढली. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. तो वाळूत दाबून काढला की त्याच्या आकाराची पोकळी राहते, आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. आमच्याकडे असे तीन हजार आठशे पॅटर्न होते. काही तळहाताएवढे, काही दोघांनाही न हलणारे. छत्तीस रॅक, प्रत्येकाला सात फळ्या, वरची फळी चौदा फुटांवर. मोल्डरला, म्हणजे वाळूचा साचा करणाऱ्याला, लागेल तो काढून द्यायचा, परत आला की ठेवायचा. कुठे ठेवायचा, तर जिथे जागा असेल तिथे. पूर्वी कुठला पॅटर्न कुठे आहे हे माझ्या आणि माझ्या जोडीदाराच्या डोक्यात असायचं. तो निवृत्त झाला तेव्हा अर्धं स्टोअर त्याच्याबरोबर घरी गेलं. मग साहेबांनी कॉम्प्युटर आणला, आणि कॉम्प्युटरमागोमाग ती आली.

मी काम वजनावर मोजणारा माणूस. खुर्चीत बसून बोटं हलवण्याला मी काम म्हणत नसे. पण पहिले तीन महिने ती खुर्चीत बसलीच नाही. कानावर पेन्सिल खोचून शिडीवर चढली, एकेका पॅटर्नची धूळ पुसून त्याचा नंबर उतरवून घेतला. पडून राहिलेले, कुठल्याच वहीत नसलेले दोनशे अकरा पॅटर्न तिने शोधून काढले. त्यातले चाळीस तरी मी स्वतः कधीतरी कोपऱ्यात ढकलले होते. तिने ते विचारलं नाही. मीही बोललो नाही.

ती माऊस वापरत नसे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. आम्ही त्याला काळी पाटी म्हणायचो, आणि बटणांच्या आवाजावरून तिला टकटक.

"टकटकबाई," मोल्डर दारातून ओरडायचा, "माझा तीनशे बाराचा पंप कुठे निजलाय?"

"सव्वीस नंबर रॅक, पाचवी फळी. उठवायला काकांना पाठवते."

"काका स्वतः उठले तर."

काका म्हणजे मी.

त्या मशीनमध्ये नुसती जागा नसायची. पॅटर्न कधी तासला, किती तासला, कुठे भर घातली, तेही असायचं. सुताराने एखादा पॅटर्न दोन मिलिमीटरने कमी केला आणि ते लिहिलं गेलं नाही, तर सबंध घाणा चुकीचा निघतो. म्हणून ती नोंदीला फार जपायची. स्टोअर म्हणजे लाकडाची वखार, भिंतीपलीकडे भट्टी. आग लागली तर मशीनसकट सगळं जाईल. त्यामुळे नोंदीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, असं तिने साहेबांना पटवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्वतः येऊन सबंध नोंदीची नक्कल टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरीच्या कचेरीच्या, मशीनवर ठेवायची. मग रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या हालचालींची एक फाइल एका छोट्या डिस्कवर उतरवून माझ्या हातात द्यायची. मी ती डिस्क घेऊन आवार ओलांडायचं, टाइम ऑफिसचा जिना चढायचा, वरच्या मशीनला डिस्क लावायची, एक बटण दाबायचं, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं आणि स्टोअरच्या रजिस्टरमध्ये सही करायची. सकाळी डिस्क तिला परत. ती पुसून पुन्हा वापरायची. स्टोअरच्या मशीनमध्ये जागा थोडी, म्हणून डिस्कवर उतरलेली फाइल ती तिथूनही काढून टाकायची.

जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. दिवा लागायला दहा मिनिटं.

दोन वर्षं मी एक दिवस चुकवला नाही. हे लिहितोय ते स्वतःची पाठ थोपटायला नाही. पुढचं नीट कळावं म्हणून.

त्या महिन्याच्या नऊ तारखेला मोठं ओतकाम होतं. माझ्या हाताखालचा नवा मदतनीस रजेवर. मी एकट्याने एक्केचाळीस पॅटर्न काढले आणि तेवढेच ठेवले. संध्याकाळी डिस्क घेऊन जिन्याखाली उभा राहिलो. गुडघा दुखत होता, पण चढता आलं नसतं असं नाही. हे मी स्वतःला फार वर्षं वेगळं सांगत आलो. खरं ते असं की मला कंटाळा आला. बस समोर दिसत होती. मनात म्हटलं, उद्या दोन दिवसांचं एकदम नेऊ. ट्रॉलीवर राहिलेला माल आपण दुसऱ्या दिवशी नेतोच की. डिस्क पिशवीत टाकली आणि बस पकडली.

सकाळी कामावर पोचलो तर तिने हात पुढे केला. "काका, डिस्क." मी दिली. तोंड उघडणार तोवर मोल्डरने हाक मारली. परत आलो तेव्हा डिस्क पुसून झाली होती, आणि टेबलावर रजिस्टर उघडं होतं, नऊ तारखेची ओळ कोरी. कोरी ओळ दिसायला वाईट. मी सही केली.

एका दिवसाने काय होतंय, असं मला वाटलं होतं. दहा तारखेपासून पुन्हा रोज वर गेलो. चारदा तर पायऱ्या मोजत गेलो, जणू त्याने काही भरून निघणार होतं.

पंधरा तारखेला साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की महिन्याअखेर कायमचं पत्र निघतंय. भट्टीवरचा म्हातारा निवृत्त झाल्याने एक क्वार्टर रिकामी होती, तीही तिलाच. ती माझी मोजपट्टी मागून घेऊन गेली आणि दोन्ही खोल्या मोजून आली.

"पलंग खिडकीशी बसतो, काका. आईला झाड दिसेल. दोन वर्षांत तिने भिंत सोडून काही पाहिलं नाही."

"भावजयीला कळवलंस?"

"कळवलं. ती इतकी खूश झाली की मला पहिल्यांदाच दुसरा चहा मिळाला."

सव्वीस तारखेला सकाळी साडेदहाला भट्टीवर विजेचा मोठा झटका आला. सबंध आवारातली वीज गेली, आली, पुन्हा गेली. परत आली तेव्हा स्टोअरच्या मशीनमधून खरखर ऐकू येत होती. ती कान लावून बसली. मग मशीन बंद केलं.

"गेलं?" मी विचारलं.

"आतली तबकडी गेली. नोंद गेली नाही. नोंद वर आहे." तिने वहीची पानं चाळली. "फक्त आजचे तीन तास गेले. ते आपण तोंडी भरू."

एक जुनं मशीन गोदामात पडून होतं, ते मी ट्रॉलीवर आणलं. टाइम ऑफिसमधून वायर ओढलेली होतीच. ती बसली. मी शिडीच्या खालच्या पायरीवर टेकलो. स्टोअर बंद, काम बंद, मोल्डर बाहेर विड्या ओढत. मला उठून जाता आलं असतं. गेलो नाही.

आधी तिने कागदावर लिहिलं. आज्ञा, ती ज्या क्रमाने द्यायची त्या क्रमाने. मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचली. मग टाइप केली, पण लगेच चालवली नाही. त्या आज्ञेला एक शेपूट जोडता येत होतं: काय करणार ते सांग, करू नकोस. तिने आधी तसंच विचारलं. मशीनने ओळी दाखवल्या. तिने त्या कागदाशी ताडून पाहिल्या आणि मान हलवली. आमचा सुतार लाकडाला करवत लावण्याआधी असाच उभा राहायचा. त्या सकाळी मला समजलं की हे बसून केलेलं काम नाही.

"हे काय करतं?" मी विचारलं.

"पहिल्या रविवारचा फोटो आहे आपल्याकडे. सगळे पॅटर्न तेव्हा जिथे होते तिथे. तो आधी लावायचा. मग त्यानंतर रोज जे जे हललं ते त्या त्या दिवसाच्या फाइलीतून वाचून मशीन ओळीने परत करतं. उचलला, ठेवला, तासला. शेवटी काल संध्याकाळवर येऊन थांबेल."

तिने शेपूट काढलं आणि बटण दाबलं. फोटो लागायला वीस मिनिटं लागली. मग काळ्या पाटीवर फायली येऊ लागल्या. एक ओळ, एक तारीख. सात तारीख, लागली. आठ, लागली.

मग पाटी थांबली. एक ओळ आली. पुढची फाइल सापडली नाही.

तिने पुन्हा चालवलं. आठ, लागली. सापडली नाही.

"नऊची नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही तर नाही. एका दिवसाचं काय? दहापासून पुढे लाव."

"तसं नाही होत, काका." ती आवाज न चढवता समजावत होती, जणू मी शिकायला बसलोय. "नऊला समजा तुम्ही पॅटर्न अठरावरून काढून बावीसवर ठेवला. दहाला बावीसवरून उचलला. नऊच नसेल तर दहाला मशीन म्हणतं, बावीसवर काही नव्हतंच, उचलू काय? ते तिथेच थांबतं. थांबायलाच हवं. नाहीतर खोटं लिहील."

"म्हणजे?"

"म्हणजे नऊपासून कालपर्यंत सगळं गेलं. पुढच्या सगळ्या फायली आहेत, पण लागणार नाहीत." तिने डोळे चोळले. "त्याच दिवशी कळलं असतं ना, तर दुसऱ्या सकाळी नवा फोटो काढला असता. दहा मिनिटांचं काम होतं."

दहा मिनिटं. मी बोललो असतो तर. दहाला, अकराला, पंचवीसला संध्याकाळी बोललो असतो तरी चाललं असतं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, नऊ तारखेला डिस्क वर नेली होती ना?"

मी म्हटलं, "सही आहे की."

हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. सही आहे. इतकं हुशार वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात दुसरं निघालं नाही.

"आहे," ती म्हणाली आणि पाटीकडे वळली. दुपारी ती टाइम ऑफिसला जाऊन आली. आल्यावर रजिस्टर मिटून ठेवलं.

साहेब तीनला आले. आधीच तापलेले होते, कारण दुपारचा एक घाणा वाया गेला होता. पंपाचा पॅटर्न चौदा तारखेला तासलेला, आणि मशीन बंद म्हणून मोल्डरने हाताशी असलेला जुन्या मापाचा कोअर बॉक्स, म्हणजे आतल्या पोकळीचा साचा, लावला. सहा नग भंगारात.

"चूक कुणाची?" साहेबांनी उभ्या उभ्या विचारलं.

"माझी, साहेब. डिस्क पुसायच्या आधी फाइल वर पोचली का ते पाहिलं नाही."

"डिस्क वर गेली होती का?"

तिने रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. "सही आहे."

"मग?"

"रोज जाते म्हणून सवयीने पुसली. फाइल पाहून पुसायला हवी होती. ते माझं काम."

मी शिडी धरून उभा होतो. कुणी चढलेलं नसताना शिडी धरून उभा राहिलेला माणूस कसा दिसतो, मला माहीत नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला दोन वर्षं राहिली होती नोकरीची. खोटी सही म्हणजे घरी पाठवणी, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तेवढंच माझ्या डोक्यात होतं. तिच्या आईचा पलंग, खिडकी, झाड, त्यातलं काही त्या क्षणी आठवलं नाही. ते घरी पोचल्यावर आठवलं.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मग तिला सांगा. मला सांगून काय उपयोग?"

"नोकरी जाईल."

"जाऊ दे म्हणत नाही मी. पण रात्री कूस बदलत राहिलात तर मला उठवू नका."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना एक मार्ग सांगितला. आठ तारखेपर्यंतची नोंद खरी आहे. पुढचं पुन्हा पाहून लिहायचं. प्रत्येक पॅटर्न खाली उतरवायचा, नंबर पाहायचा, सुताराने मापायचा, परत ठेवायचा. साहेब म्हणाले, महिना जाईल. ती म्हणाली, काका असतील तर नाही.

अकरा दिवस लागले. दोन्ही रविवार धरून. मी आयुष्यात इतकं काम केलं नाही. सकाळी सहाला शिडी लावायचो. पॅटर्न छातीशी धरून उतरायचो, ठेवायचो, पुन्हा चढायचो. मोठ्यांना दोरी. चौथ्या दिवशी गुडघा फुगून पॅंटमध्ये मावेना, तेव्हा कपडा बांधला. मदतनीस म्हणाला, काका, मी चढतो. मी म्हटलं, तू खाली धर. रोज साडेतीनशे. ती खाली टेबलाशी, नंबर ऐकायची, टाइप करायची, मला उलट विचारायची. जेवायला पंधरा मिनिटं. ती पहाटे आईकडे जाऊन येत होतीच, ते तिने एकही दिवस चुकवलं नाही.

रोज शिडीच्या वरच्या टोकाला मी ठरवायचो, खाली उतरलो की सांगायचं. खाली उतरलो की पुढचा नंबर सांगायचो.

शेवटच्या दिवशी पाटीवर तीन हजार आठशेच्या तीन हजार आठशे नोंदी लागल्या. मोल्डर, सुतार, टाइमकीपर सगळे गोळा झाले. टाइमकीपर म्हणाला, "काका, या वयात शिडीवर इतकं प्रेम? काकूंना सांगू का?" सगळे हसले. साहेबांनी माझा हात हातात घेतला. महिन्याभरात मला प्रशस्तिपत्रक मिळालं, काचेत बसवलेलं. निष्ठा आणि अपार कष्ट, असं त्यात छापलं होतं. मी ते ट्रंकेत ठेवलं. बायकोने काढून भिंतीवर लावलं. म्हणाली, बघत बसा.

तिचं पत्र निघालं नाही. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. क्वार्टर वाळूच्या प्लांटवरच्या ऑपरेटरला मिळाली. त्याने खिडकीला पुठ्ठा ठोकला, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. पुढच्या वर्षी कंपनीने कायम करणंच बंद केलं. ती आणखी सहा महिने राहिली, मग पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागली. तिथेही नोंदीचंच काम. जाताना तिने नव्या मुलीला सगळं शिकवलं आणि रजिस्टरमधला सहीचा रकाना खोडून टाकला. त्याजागी लिहिलं: फाइल डोळ्यांनी पाहिली, वेळ.

मी निवृत्त झालो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी तिचा फोन आला.

"काका, पत्ता लिहून घ्या. घर घेतलं."

गेलो. गावाच्या कडेला, बसचा शेवटचा थांबा. आई बाहेर खुर्चीत बसली होती, मांडीवर शेंगांचं सूप. म्हातारी आता फार बारीक झालेली, पण आवाज खणखणीत.

"हेच का ते शिडीवाले? मला वाटलं उंच असतील."

"उंची शिडीची होती, आई," ती आतून म्हणाली.

चहा झाला. म्हातारीला डुलकी लागली. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. जिना, बस, पिशवी, कोरी ओळ, सही. सगळं, क्रमाने. ती ऐकत होती आणि शेंगा सोलत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दुपारी. वरच्या मशीनवर डिस्क कधी लागली ते दिसतं. आठ, मग दहा. नऊला लागलीच नव्हती."

"मग साहेबांना नाव का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर फाइल आली असती का? तुम्हाला घरी पाठवलं असतं. मग तीन हजार आठशे पॅटर्न कुणी उतरवले असते? मला ते अकरा दिवस हवे होते, काका. आणि पुसली मीच ना. न पाहता."

मला जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. पहिले दोन दिवस मी वाट पाहिली. शिडीवरून उतरलात की तुमच्या तोंडाकडे बघायचे. मग सोडलं."

मी म्हटलं, "तुझी आठ वर्षं गेली."

"आठ नाही. सगळीच तुमच्या नावावर टाकू नका, उगाच मोठे व्हाल." ती हसली नाही. "आईची मात्र गेली. त्या खोलीत."

अकरा दिवस ढोरासारखा राबलो, ते खरं. पण ते माझ्या अंगातून निघालं आणि माझ्याच भिंतीवर लागलं. तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. कष्टाने चूक झाकता येते, फिटत नाही, एवढं मला त्या खुर्चीत बसून कळलं, आणि ते कळायला मी आठ वर्षं घेतली.

उठलो तेव्हा म्हातारी जागी झाली. तिला आत घ्यायची वेळ झाली होती. मी खुर्ची ढकलायला पुढे झालो. दारापाशी खुर्ची अडेल म्हणून पुढची चाकं उचलायला वाकलो.

"वाकू नका," ती म्हणाली. "उंबरठा नाही. गवंड्याकडून काढून घेतला."

खुर्ची अलगद आत गेली. आतून पुन्हा बाहेर आली, कारण म्हातारी म्हणाली, अजून उजेड आहे, मला इथेच राहू दे. दोन खोल्या, तळमजला, बाहेर रस्ता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले सहा वर्षांचे पगार त्यात गेले होते. पहाटे पावणेपाचला उठून मिळवलेले. उंबरठा काढायची गवंड्याची मजुरी तिने त्यातल्या शेवटच्या पगारातून वेगळी दिली होती.